कुलपातली लोकर

सोजरबाई चिंचवडच्या कंपनीत पाळणाघर सांभाळायला लागली तेव्हा पस्तिशीची होती. नवरा, भिवा, खूप आधीच लष्करी रस्त्याच्या कामावर असताना तापाने गेला होता. पदरात मूल नव्हतं. त्यानंतर आठ वर्षं तिने दिघीला एका फौजी साहेबाची दोन पोरं वाढवली. साहेबाची बायको पहाडी मुलखातली. तान्ह्याला कोणती लोकर चालते, कोणती टोचते, ती कशी धुवायची, कुठे वाळवायची, हे सगळं सोजरबाई तिच्या हाताखाली शिकली. पुढे साहेबाची बदली झाली आणि ते शिकलेलं तसंच पडून राहिलं.

कंपनीत रेडिओचे सुटे भाग जुळवायला शे-दीडशे बाया होत्या. एवढ्या बाया म्हटल्यावर पाळणाघर ठेवणं कायद्याने भागच. कँटीनच्या मागची, सायकल स्टँडला चिकटलेली पत्र्याची खोली त्यासाठी दिलेली. थंडीच्या दिवसांत ती खोली दहा वाजले तरी ऊब धरायची नाही. बाया जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत पोरं गुंडाळून आणायच्या, सोजरबाईच्या स्वाधीन करायच्या आणि भोंग्याआधी पळायच्या.

१९७२ च्या डिसेंबरात परदेशातले पाहुणे कंपनी बघायला येणार असं ठरलं. वेल्फेअर ऑफिसर सुमनताईंनी सोजरबाईला बोलावून सांगितलं, की पोरांना झोपताना घालायला लोकरीचे कपडे घ्यायचेत, तुम्ही बरोबर चला. दोन वर्षांत तिला कोणी काही विचारलं अशी ही पहिलीच वेळ. ती ठेवणीतलं लुगडं नेसून पिंपरी कॅम्पात गेली.

दुकानदाराने झालरीचे, चकचकीत गुलाबी सूट पुढ्यात पसरले. सुमनताईंना ते आवडले. सोजरबाईने एक उचलला, स्वतःच्या गळ्यावर घासून पाहिला आणि खाली ठेवला.

"ताई, ही लोकर न्हाई, नायलॉन हाय. यात पोराला घाम येतो, आन् त्योच मग अंगावर गार पडतो."

दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. पण सुमनताई समजूतदार. त्यांनी तिलाच निवडू दिलं. सोजरबाईने तासभर घेतला. बटणं नकोत, पोरं ती चोखून तोडतात, नाडी हवी. डोक्यातून घालायचं नको, पुढून उघडणारं हवं, म्हणजे झोपलेलं पोर न उठवता बदलता येतं. रंग नको, तोंडात उतरतो. शिवण आतून जाड नको, मानेला काचते. शेवटी दुकानदाराने माळ्यावरून पांढरट, मऊ लोकरीची, पायाकडे बंद असलेली झबली काढली. बारा होती. पाळणाघरात पोरंही बाराच होती.

पाहुणे आले त्या दुपारी बाराची बारा पोरं एकदम झोपली. एरवी एक रडलं की दुसरं उठायचं. सोजरबाई दाराशी बसून नुसती ऐकत राहिली. पाहुण्यांनी फोटो काढले, एका बाईने तर डोळे टिपले. चार वाजता सुमनताई आल्या. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं होतं, रोज वापरले तर कपड्यांचं पोतेरं होईल, ते पाहुण्यांपुरतेच ठेवा. दोन दिवसांत साहेब विसरतील, असं सोजरबाईला वाटलं. तिने झबली रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतली, सावलीत पसरून वाळवली आणि कडुलिंबाचा पाला घालून घड्या केल्या. त्या घड्या स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात गेल्या, आणि चावी स्टोअरकीपर ज्योतीरामकडे.

साहेब विसरले नाहीत. वर्षातून एकदा-दोनदा कपाट उघडायचं. झबली तीच, पोरं दर खेपेला वेगळी. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की नाड्या सोडायच्या. ऊब काढून घेतल्यावर तान्हं पोर कसं रडतं, ते सोजरबाईलाच ऐकावं लागे. दर थंडीत ती सुमनताईंकडे जाई, आणि दर थंडीत त्या म्हणत, विचारून बघते. १९७५ साली पाहुणे आलेच नाहीत. निदान पाला बदलायला तरी चावी दे, म्हणून ती ज्योतीरामकडे गेली. त्याने साहेबांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कोण देणार?

त्या वर्षी कंपनीत झुलेखा नावाची विशीतली पोर लागली होती. तिचा मुलगा गुलजार चार महिन्यांचा. पुढच्या जानेवारीतल्या एका सकाळी तिने त्याला सोजरबाईच्या हातात दिलं तेव्हा त्याची छाती घरघरत होती. झुलेखाची नोकरी अजून कच्ची होती. सुट्टी मागितली तर नाव कमी होईल, हे दोघींनाही ठाऊक होतं. सोजरबाई तडक स्टोअरकडे गेली, तिथून सुमनताईंकडे. साहेब मुंबईला गेलेत, सुमनताई म्हणाल्या, परवा आले की लगेच सही घेते. सोजरबाईने स्वतःची शाल पोराभोवती गुंडाळली आणि दोन दिवस त्याला पोटाशी धरून बसली. बाकीची पोरं रडत राहिली.

तिसऱ्या दिवशी गुलजार आला नाही. चौथ्या दिवशी तो इस्पितळात दगावला.

न्यूमोनिया होता, दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. एका झबल्याने ते पोर जगलं असतं, असं छातीठोक कोणीच सांगू शकलं नसतं. सोजरबाईलाही ते कळत होतं. तरी त्या झबल्याचा विचार तिच्या मनातून जाईना.

फाटकावर कुजबुज वाढली, तसा मॅनेजरसाहेबांनी हुकूम काढला: कपडे आजपासून रोज वापरावेत. सगळ्यांदेखत कपाट उघडलं. लोकरीला कसर लागली होती. सोजरबाईने वरचं झबलं उचललं, तर त्यातून पलीकडची भिंत दिसली. एकही धड नव्हतं.

आठवड्याभराने सुमनताई स्वतः मेमो घेऊन आल्या. पाळणाघराच्या कपड्यांची निगा राखण्यात आयेने हलगर्जीपणा केला, असं त्यात टाइप केलेलं होतं. सोजरबाईला अक्षरं लावून वाचता येत असे. तिने सगळं वाचलं.

"यात येवढंच लिवा, चावी माज्याकडं नव्हती. मग सही करते."

तसं लिहिता येत नाही, सुमनताई टेबलाकडे बघत म्हणाल्या. सही करा, पुढे काही होणार नाही, मी आहे ना.

"तवाबी तुमी व्हताच की, ताई," सोजरबाई म्हणाली, आणि कागद परत सरकवला.

तिला कँटीनमध्ये भांडी घासायला टाकलं. पाळणाघराला दुसरी बाई आली, पण तीही फार दिवस टिकली नाही, कारण कंपनीने नव्या बाया घेणंच बंद केलं. बाया नाहीत, तर पाळणाघर कशाला? १९८१ मध्ये त्या खोलीत साहेब लोकांच्या स्कूटरी लागायला लागल्या.

झुलेखाने गुलजारच्या मागोमाग नोकरी सोडली होती. १९८१ सालीच पिंपरीच्या बाजारात ती सोजरबाईला दिसली. कडेवर एक मुलगी होती, दोन-अडीच वर्षांची. सोजरबाई पुढे झाली. चावीचं सगळं तिला सांगायचं होतं. एवढी वर्षं ती ते मनात घोळवत होती. झुलेखाने तिला ओळखलं. पोरीचं तोंड खांद्यात दाबून ती गल्ली ओलांडून पलीकडे गेली, आणि गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

सोजरबाईला तिचा राग आला नाही. ते दोन दिवस गुलजार आपल्याच मांडीवर होता, हे काही खोटं नव्हतं. तिने भाजी घेतली आणि दिघीच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.