साडूंचा तंबू

आमच्या साडूंना आयुष्यात कोणी 'हे करू नका' असं म्हटलंच नसतं, तर त्यांनी काहीही केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. शेवगावात मोटारपंप रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान त्यांनी टाकलं, ते बाजारपेठेतल्या एका जाणत्या माणसाने 'या धंद्यात आता राम राहिला नाही' असं सांगितलं म्हणून. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं, तेही मुलीकडच्या एका काकांनी 'ऊसतोड्याच्या घरात पोरगी द्यायची का?' असा सवाल भर बैठकीत टाकला म्हणून. ते काका अजून हयात आहेत आणि साडू दर दिवाळीला न चुकता त्यांच्या पाया पडतात. "त्यांनी इरोध केला नस्ता तर मी चहा पिऊन उठलो आस्तो," असं वर कारणही देतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, हे ऐकत चहा गाळत असतात.

मोठेपणाचा थाट दिसला की साडूंच्या अंगात विशेष संचार होतो. आमच्या जिल्ह्यात लग्न म्हणजे आधी माइक आणि मग जमल्यास मंगलाष्टका. काष्टीच्या एका लग्नात हजारभर माणसं मुठीत अक्षता घेऊन उन्हात उभी होती आणि निवेदक आजी चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन अशा क्रमाने सगळ्यांचं सहर्ष स्वागत करत होता. नवरदेवाच्या कपाळावरून मुंडावळ्यांखाली घामाचे ओघळ चालले होते. साडू शांतपणे स्टेजवर चढले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "नवरदेव आन् नवरी हे दोघंबी येळात येळ काढून सोताच्या लग्नाला हजर ऱ्हायलेत, त्यांचं सहर्ष स्वागत." पुढच्या मिनिटाला लग्न लागलं. कधीमधी कोणी त्यांचाही सत्कार करतं. तेव्हा ते निमूट शाल घेतात आणि दुकानात नेऊन दुरुस्त झालेल्या मोटारींवर पांघरतात. पाहुण्यांना नवल वाटलं तर म्हणतात, "त्या काम करत्यात. त्यांचा सत्कार झाला पायजे."

गाडीतसुद्धा ते मोबाईलमधल्या बाईचं ऐकत नाहीत. ती 'डावीकडे वळा' म्हणाली की उजवीकडे वळतात. "ती कधी बोधेगावला आल्ती का?" हा त्यांचा बिनतोड प्रश्न. मग आम्ही तासभर कोणाच्या तरी कपाशीच्या बांधावर उभे असतो आणि साडू त्या शेतकऱ्याच्या मोटारीचा आवाज ऐकून तिचं निदान करत असतात.

तर या गृहस्थांनी गेल्या संक्रांतीला तिळगूळ तोंडात असतानाच जाहीर केलं, "आईला घेऊन कोकनात जायचं. दापोलीकडं गरम पान्याची कुंडं हायेत. रातीला तंबूत ऱ्हायचं, सकाळी पान्यात बसायचं. साडूभाऊ, तुमी येताय." मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. उष्णोदकाचे गुण काही ग्रंथांत वाचलेले होते, ते सांगायला मी तोंड उघडलं. पण त्याआधीच घरात आग लागली होती.

पहिला विरोध खुद्द आईंचा. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणीचे सगळे हिवाळे कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत गेलेले. पाठ त्या काळापासून मोळीखाली वाकली आहे ती वाकलीच. "पालात ऱ्हायाला? आन् हौसंनं?" त्या म्हणाल्या. "डोक्यावर पडलास का रं?"

दुसरा ताईंचा. "उभा जन्म कोपीत काढला त्यांनी. आता कुठं डोक्यावर स्लॅब आला, तर तुम्ही त्यांना परत पालात नेताय? लोक शेण घालतील तोंडात."

तिसरा पुण्याहून, मुलाचा, फोनवर. "पप्पा, मी रिसॉर्ट बघतो ना. रूममध्येच बाथटब आहे. आज्जीला पायरीसुद्धा चढायला नको."

"टब तुला लखलाभ," साडू म्हणाले आणि फोन ठेवला. चौथा विरोध डॉक्टरांनी नोंदवला, तेव्हा मी घरी येऊन बॅग भरायला घेतली. चार माणसं नको म्हणाल्यावर सहल रद्द होण्याची शक्यताच उरली नव्हती.

साडूंच्या दुकानाचा एक नियम आहे. कुठलीही मोटार लोडवर चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. मागच्या अंगणात पाण्याचा हौद आहे, त्यात मोटार सोडून ती पाणी कसं फेकते ते बघतात. नारिंगी-निळा तंबू घरपोच आला, तोही याच अंगणात उभा राहिला. साडूंनी नुकताच दुरुस्त केलेला पाच हॉर्सपॉवरचा पंप हौदात सोडला, पाइप हातात धरला आणि मला म्हणाले, "बसा आत."

"मी कशाला?"

"बिगर लोडची मोटार समदीच गोड चालती, साडूभाऊ."

मी आत बसलो. त्यानंतर जे झालं त्याला पाऊस म्हणणं हा पावसाचा अपमान होईल. पंपाची दुरुस्ती उत्तम झाली होती, एवढं मी आतून छातीठोकपणे सांगू शकत होतो. छत टिकलं, पण पाणी अंगणातून खालून शिरलं. मी चेन ओढायला गेलो तर ती अर्ध्यात अडकली. बाहेर बाजेवर बसलेल्या आई ओरडल्या, "आरं बंद कर त्ये! पाव्हनं बुडतील ना कोरड्या गावात!"

पंप बंद झाला. चेनच्या फटीतून माझं फक्त डोकं बाहेर आलं. आई काठी टेकत तंबूपाशी आल्या, त्यांनी त्याला एक फेरी मारली आणि लेकाला झापलं. "भवतीनं चर कुनी खांदायचा? तुजा बाप? कोपीला चर नको का?" मग मला बाहेर काढून त्या स्वतः वाकून आत शिरल्या, ओल्या कापडावर पदर टाकून बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी आतून आवाज आला, "चूल संगं घ्या. पालात ग्यासवरची भाकर म्या खानार न्हाई."

एक विरोध गळाला होता. साडूंचा चेहरा किंचित उतरला.

मी कुडकुडत होतो. साडूंनी एका मोटारीवरची सत्काराची शाल काढून मला पांघरली. आयुष्यातला माझा तो पहिला सत्कार. मी चिडूनच विचारलं, "अहो, पोरगा टब देतोय. मग हा हट्ट कशासाठी?"

साडू हातातली तांब्याची तार गुंडाळत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "कारखान्याच्या मागं चारीला गरम पानी सुटायचं, साडूभाऊ. यंत्रातलं. थंडी अशी, की बैलाच्या तोंडातून धूर. आई गाडी खाली करून आली की मला तिथं न्यायची. डोक्याला साबन लावला की वाचमन काठी आपटत यायचा. ए, ऊठ! मी कितीदा डोळ्यात साबन घिऊन पळालोय. आई तर कधी बसलीच न्हाई. उभ्या उभ्या दोन तांबे, आन् पळ."

"टबात त्यांना कोण ऊठ म्हणणार आहे?"

"कुनी न्हाई. पन तिला वाटंल, नातवाचं पानी हाय, बील वाढंल. पाच मिन्टात उठंल. जमिनीतून येनाऱ्या पान्याला कोन मालक हाय?"

"बरं, पण तंबू?"

"पाल वाईट न्हवतं, साडूभाऊ. पालातून उठवत्यात, त्ये वाईट हुतं."

मी शाल सारखी केली. उष्णोदकाचे गुण सांगायचे पुन्हा राहून गेले.

आम्ही गेलो. ताई 'मी मुळीच येणार नाही' असं म्हणत म्हणत दशम्यांचे डबे भरून गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. कुंडापासून जवळच एका आमराईच्या मालकाने तंबूला जागा दिली. साडूंनी भोवतीने चर खणला. पावसाचा पत्ता नव्हता, पण आई काठीने खुणा करत होत्या आणि चर वाढत होता.

सकाळी ताई आईंना हाताला धरून बायकांच्या कुंडाकडे घेऊन गेल्या. आम्ही भिंतीच्या अलीकडे टेकतो न टेकतो, तोच आई परत. केस कोरडे, लुगडं घोट्यापर्यंत ओलं.

"झालं माजं."

"कुनी ऊठ म्हनलं का?" साडूंनी विचारलं.

"न्हाई बा."

"मंग?"

आईंनी जरा विचार केला. त्यांना कारण सापडेना. "लई बाया हायेत आत," त्या म्हणाल्या.

"आसू दे. तूबी बाईच हाईस. जा."

त्या गेल्या. साडू दारापाशी पाठ करून, हाताची घडी घालून उभे राहिले. एवढ्या वर्षांची तयारी त्यांच्या खांद्यात दिसत होती. वाचमन येऊ दे, चेअरमन येऊ दे, ते सज्ज होते. पण कोणी आलंच नाही. एक सज्जन पर्यटक तेवढे जवळ आले आणि चपला कुठे काढायच्या असं अदबीने विचारू लागले. साडू कडाडले, "आई भाईर येनार न्हाई! कुनीबी सांगू द्या!" ते सज्जन चपला हातात घेऊनच निघून गेले.

नंतर तर तेवढंही कोणी आलं नाही. कोवळं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. आतून बायकांचं हसणं यायचं, मधूनच आईंचा आवाज. साडू तसेच उभे होते, मात्र हाताची घडी कधीतरी सुटली होती आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. भांडायला समोर कोणीच नाही, अशी त्यांची पंचाईत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आई आल्या तेव्हा ताईंनी त्यांचे ओले केस पंच्यात बांधलेले होते. पाठ होती तशीच वाकलेली. चाल मात्र कुठेही जायची घाई नसलेल्या माणसाची. लेकापुढे उभ्या राहून त्यांनी दोन्ही तळवे उघडले. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. आपले हात कोणीतरी बदलून दिलेत, तशा त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"बग रं, बोटं कशी झालीत. म्हातारी झाले का काय मी?"

साडूंनी ते हात हातात घेतले आणि बराच वेळ उलटेसुलटे करून पाहिले.

"न्हाई," ते म्हणाले. जन्मभर त्यांचं 'न्हाई' मी ऐकत आलो आहे. इतकं हळू कधी ऐकलं नव्हतं.