ओरिजिनल टाकी

लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्याने दोन सीटांची गाडी घेतली. घरात आम्ही चार माणसं. सासूबाईंनी गाडीत एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातले दोघं कायमचे घरी. त्यात मले धरू नका."

हे दातांचे डॉक्टर. अमरावतीत दवाखाना आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहायचं, आणि आता संध्याकाळी गाडीखाली वाकून पाहायचं, एवढाच त्यांच्या आयुष्यात फरक पडला. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते.

गाडी लाल, जर्मन बनावटीची, माझ्याहून वयाने मोठी. नागपूरच्या एका वकिलाच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ती घरी आली त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडी एकच शब्द बसला: ओरिजिनल. सीट ओरिजिनल, काच ओरिजिनल, घड्याळ ओरिजिनल. घड्याळ बंद होतं, पण ओरिजिनल बंद होतं.

महिनाभरात पोर्चमधल्या फरशीवर तेलाचं थारोळं दिसायला लागलं. सासूबाईंनी खाली एक जुनी परात सरकवली आणि ह्यांना विचारलं, "ह्याच्यात पाय घसरून मी पडली तं माझं हाड ओरिजिनल राहीन का रे?"

दोष तेलाच्या टाकीत होता. सगळ्या गाड्यांचं तेल इंजिनाच्या खालच्या तबकात राहतं. ह्या गाडीला ते साधेपण मंजूर नाही. हिचं तेल वेगळ्या टाकीत राहतं, तिथून इंजिनात जातं, तापून परत येतं. ही टाकी मागच्या उजव्या चाकाला लागून आत बसवलेली, म्हणजे चाकाने उडवलेला सगळा चिखल तिच्याच अंगावर. पन्नास वर्षांत ती चाळणीसारखी झाली होती.

ह्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे आणि त्यात एक गृहस्थ आहेत ज्यांना सगळे 'सर' म्हणतात. त्यांनी स्वतः कधी पाना हातात धरल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण कुठल्या साली कुठला स्क्रू होता हे त्यांना पाठ. तंबाखू खाणाऱ्या पेशंटशी हे जसं बोलतात, तसं ते ह्यांच्याशी बोलत. फोन स्पीकरवर होता.

"टाकी परदेशातूनच मागवा, डॉक्टर. नंबर मी पाठवतो. आणि कृपा करून तिकडच्या कुणाला हात लावू देऊ नका. तिकडे काय, ट्रॅक्टरचे मेकॅनिक."

"हो ना सर," हे म्हणाले. माझा नवरा, जन्म अमरावतीचा, ज्याला अजून वऱ्हाडी 'काहून' सुटत नाही, तो 'तिकडे'ला मान डोलवत होता. मी पोळ्या लाटत होते. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जास्तच पातळ झाल्या.

चार महिन्यांनी टाकी आली. खोक्यात खोकं, त्यात फोम, त्यात टाकी, काळी कुळकुळीत. ह्यांनी ती दोन्ही हातांनी अशी उचलली की बाळंतपणातही त्यांनी मुलीला तसं उचललं नव्हतं. मग गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. टाकी वेगळ्या सालच्या गाडीची होती. तिचं तोंड भलत्याच बाजूला.

सरांना फोन गेला. सर म्हणाले, "साल नीट सांगायला हवं होतं."

साल ह्यांनी तीनदा सांगितलं होतं. नंबर सरांनी दिला होता. तरी "सॉरी सर" हेच म्हणाले. ती टाकी आमच्या अडगळीच्या खोलीत गेली. परत पाठवायची सोय नव्हती.

शेवटी मीच म्हटलं, बडनेऱ्याला रेडिएटर दुरुस्त करणारा आहे, त्याला दाखवू. त्याने जुन्या टाकीवर बोटाने दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे आमचं काम नोहे. अकोल्याले जा. तिथं एक चाचा हायेत, ट्रकच्या डिझेल टाक्या बनवतात. ते करून देतीन."

"ट्रकच्या?" हे म्हणाले. चेहरा असा, की त्यांना बैलाच्या दातांवर उपचार करायला सांगितलं असावं.

रविवारी आम्ही आमच्या साध्या गाडीने अकोल्याला गेलो. जुनी टाकी चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या साडीला तेल लागलं होतं. हे म्हणाले, "चादर खराब नको होऊ देऊ, टाकीले धागे चिकटतीन."

चाचांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, दारात ट्रकच्या टाक्या एकावर एक रचलेल्या. चाचा साठी ओलांडलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. गाडी कोणती, किती जुनी, जगात किती शिल्लक आहेत, हे सगळं ह्यांनी सांगून टाकलं. चाचांनी ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय. तेल कुठून येते आन् कुठून जाते, ते सांगा."

हे गाडीचं पुस्तक शोधू लागले. मला माहीत होतं, कारण चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. मी सांगितलं, "वरच्या नळीतून गरम तेल येतं, खालच्या नळीतून परत इंजिनात जातं."

"येते तेव्हा फेस असन त्याले."

"असेल."

"मंग फेस बसल्याशिवाय खाली जाऊ द्यायचं नाई. नाई तं इंजिन हवा पिईन आन् मरून जाईन. आत पडदे असतीन, छेदवाले. कापून पाहा लागते."

"कापायची?" हे उठून उभे राहिले. "चाचा, ही ओरिजिनल आहे. आतला एकेक पत्रा जर्मन कारागिरांनी बसवलेला आहे. सांभाळून कापा. मी फोटो काढतो."

चाचांनी आधी टाकी धुवून घेतली, पाण्याने भरली, सांडून पुन्हा भरली. मग कडेने कापत गेले. झाकणासारखा भाग सुटला. आत खरंच दोन पडदे होते, छिद्रं पाडलेले. एक जाड, सुबक. दुसरा पातळ आणि जरा वाकडा. चाचांनी तो फडक्याने पुसला, उजेडात धरला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे सरकवला.

"बाई, तुमीच वाचा."

पत्र्यात उठावाची अक्षरं होती, देवनागरी. 'खाद्य ते' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. पुढचा ल कात्रीत गेला होता.

मी मोठ्याने वाचलं. ह्यांनी फोटो काढायचं थांबवलं.

"म्हणजे कोनं तरी आधीच उघडली होती," चाचा म्हणाले. "आपल्याच इकडचा असन. पडदा सडला, त्यानं तेलाचा पिपा कापून लावला." त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. "काम बरं केल्लं हाय. लय वर्षं चाललं."

मला हसू आवरेना. हे शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले, आणि परत आले ते फक्त एवढं सांगायला: "ग्रुपवर टाकू नको."

मी त्या ग्रुपवर नव्हतेच. माझ्या बहिणींच्या ग्रुपवर टाकलं.

नवी टाकी व्हायला पाच रविवार लागले. पहिल्या वेळी चाचा आणि हे भांडलेच. हे पुस्तकातला लिटरचा आकडा धरून बसलेले, चाचा म्हणत चाकाला जागा ठेवली तर तेवढं मावणार नाही. शेवटी मी परदेशी टाकीचं खोकं कापून पुठ्ठ्याचा साचा केला, गाडीत घालून पाहिला, तिरपे भाग मोजून घनफळ काढलं. अर्धा लिटर कमी पडत होतं. वरचा उतार बोटभर उंच केला की बसत होतं. चाचांनी माझा कागद खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "ह्या बाईले धाडत जा, डॉक्टरसाहेब. तुमी नाई आले तरी चालते."

टाकी तयार झाली. चाचांनी नळ्या बंद केल्या, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि टाकी हौदात बुडवली. तोंडाजवळून एक बुडबुडा आला. मला वाटलं, एकच तर आहे. चाचांनी टाकी बाहेर काढली, तो जोड पूर्ण कापला आणि आम्हाला म्हणाले, "पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी बुडबुडा नव्हता. ह्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "चाचा, हा कंपनीचा नंबर आहे. इथे कोपऱ्यात ठोकून द्या. जुनी वाटेल."

चाचांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, परत दिली. "बनवली मी. दुसऱ्याचं नाव काहून ठोकू?"

"तसं नाही, शोमध्ये पाहतात ना..."

"मंग त्याहीले म्हना, तुमीच बनवा."

ह्यांनी चिठ्ठी पुन्हा खिशात ठेवली. दोन दिवसांनी अमरावतीतच कुठून तरी नंबर ठोकून आणला. मला दाखवला नाही. हे टाकीला रंग देत होते तेव्हा मी तो पाहिला.

हिवाळ्यात नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा होता. सर पुण्याहून परीक्षक म्हणून आले होते, पांढरे बूट घालून. ह्यांच्या गाडीपाशी आले, गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला. बराच वेळ पाहिलं.

"वा, डॉक्टर. शेवटी मिळाली तर ओरिजिनल! नाहीतर हल्ली लोक काहीही लावतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाडीच्या काचेवरची न दिसणारी धूळ पुसत होते.

"अकोल्याला केली आहे," मी म्हटलं. "ट्रकच्या टाक्या करणाऱ्या चाचांनी."

सर खळखळून हसले. "वहिनी फार विनोदी आहेत!" आणि माझा नवरा, त्यांच्याबरोबर, हसला.

मी पर्स उचलली, स्टेशनवर गेले आणि पहिल्या गाडीने बडनेऱ्याला उतरून घरी आले. हे दोन सीटांच्या गाडीतून एकटे आले. आठवडाभर मी त्यांच्याशी फक्त भाजीबद्दल बोलले.

नंतरच्या रविवारी हे सकाळीच लाल गाडी घेऊन गेले. कुठे, ते सांगितलं नाही. दुपारी चाचांचा फोन आला, मला.

"बाई, डॉक्टरसाहेब आले होते. तो नंबर घासून टाका म्हने. घासला मी."

"आणि गाडी कशी वाटली तुम्हाला?"

"बसवून फिरवलं त्याईनं मले. लय आवाज करते. पन टाकी कोरडी हाय."

संध्याकाळी ह्यांनी ग्रुपवर लिहिलं. टाकी अकोल्याची आहे, कुणी केली, कशी केली, सगळं. खाद्य तेलाच्या पडद्याचा फोटोही टाकला. काही जणांनी हसरे चेहरे पाठवले. सरांनी लिहिलं, "दुर्दैवी." मी तो शब्द वाचून दाखवला तर सासूबाईंनी विचारलं, "कोन मेलं?"

दहाएक दिवसांनी सरांचा फोन आला. ह्या वेळी तो स्पीकरवर नव्हता, पण ह्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळं ऐकू येत होतं. सरांच्याही गाडीची टाकी झिरपत होती. किती दिवसांपासून ते त्यांनी सांगितलं नाही. अकोल्याचा पत्ता हवा होता. ग्रुपवर नको, खाजगीत.

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी पत्ता दिला, शेडची खूण सांगितली, आणि चाचांना कळवलं की पुण्याहून एक मोठे जाणकार येत आहेत.

"येऊ द्या," चाचा म्हणाले. "पन त्याहीले सांगून ठेवा, माझ्याकडे सध्या चार ट्रक उभे हायेत. लायनीत राहा लागन."