सडा, सड़ा आणि मेथी

इकडे हिंदी मुलखात, गोविंदपुऱ्याच्या कडेला आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, त्याच्या मागे बारा फूट बाय आठ फूट मोकळी जमीन आहे. पूर्वी तिथे घरमालकाचं लेथ मशीन होतं. पितळेचा चुरा आणि काळं तेल बरीच वर्षं त्या मातीत मुरलं. वडील गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे आली. दोन वर्षांत तिने मागितला तो फक्त हा तुकडा. स्वतः लावलेल्या मेथीची भाजी तिला आम्हाला करून घालायची होती.

पहिल्या खेपेला मी दोनशे दाणे मोजून दिले. एकतीस उगवले, तेही पिवळे. मग मी माती तपासून आणली. शिसं आणि जस्त दोन्ही जास्त निघालं.

बियाण्यांच्या दुकानात आईला घेऊन गेलो. दुकानदाराने जिवाणूंच्या भुकटीचं पाकीट दिलं. हे जिवाणू मुळांभोवती राहतात आणि वाईट मातीतही रोपाला तग धरायला मदत करतात, असं त्याने सांगितलं. माती स्वच्छ होईल का, असं मी विचारलं.

"साफ नहीं होगी साहब. पौधा झेल लेगा, बस."

उत्तर सरळ होतं, म्हणून पाकीट घेतलं. मग त्याने आईला पद्धत सांगितली : "सड़ा गोबर लेना अम्मा, उसी में मिलाकर डालना."

आईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर तिने तेवढेच दोनशे दाणे पेरले, ताजं शेण आणवलं, बादलीभर पाण्यात कालवलं, त्यात अर्धं पाकीट मिसळलं आणि वाफ्यावर सडा घातला. कोपऱ्यात चार ठिपक्यांची रांगोळीही काढली.

संध्याकाळी मी विचारलं, "हे काय?"

"तूही ऐकलंस की. सडा घालायला सांगितलं त्याने. इकडची माणसंही सडा घालतात, बरं वाटलं ऐकून."

"आई, सड़ा म्हणजे कुजलेलं. जुनं, कुजलेलं शेण."

"मग कुजलेलं म्हणायचं ना सरळ!"

बायको आतून म्हणाली, "रांगोळीने तरी जिवाणू खूश होतील."

ते झाले नाहीत. भुकटी मातीत मिसळून झाकायची होती, ती दिवसभर उन्हात वर पडून राहिली. त्या खेपेला चौतीस दाणे उगवले. एकतीस आणि चौतीस यांत फरक आहे असं मी म्हणणार नाही.

उरलेलं अर्धं पाकीट मी स्वतः कुजलेल्या शेणखतात मिसळलं आणि ऊन उतरल्यावर मातीत कालवलं. पुन्हा दोनशे दाणे. या वेळी एकशे त्रेसष्ट उगवले. त्यात शेणखताचा वाटा किती आणि जिवाणूंचा किती, हे मला सांगता येणार नाही. पण पानं हिरवीगार होती. महिन्याभरात मेथी वीतभर झाली आणि आईने सकाळीच विळी काढली.

"आधी पानं तपासू," मी म्हणालो.

"अरे, बघ तरी तिच्याकडे. आजारी असती तर अशी वाढली असती का?"

"वाढणं वेगळं आणि खाणं वेगळं."

"तुझ्या वडिलांनी आयुष्यात कधी भाजीचा रिपोर्ट मागितला नाही."

तरी तिने विळी ठेवून दिली. आठ दिवसांनी अहवाल आला. पानांत शिसं खाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. मी तिला आकडा वाचून दाखवला, मर्यादा कितीची तेही सांगितलं.

ती म्हणाली, "गाईला घालू?"

"नको. खतातही नको, असं प्रयोगशाळेने सांगितलंय."

"म्हणजे वाढवून फेकायची."

मी हो म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून मेथी उपटली. मुळांची माती झटकताना आई नेहमीसारखी जुड्या बांधत गेली, अकरा झाल्या. मी त्या पोत्यात भरल्या आणि तोंड शिवलं.

हात धुऊन ती पुन्हा वाफ्याशी आली.

"झेंडू लावला तर?"

"विचारून सांगतो."

"विचारू नकोस," ती म्हणाली. "झेंडूची भाजी मी करत नाही."