हातचं राखलेलं बेतणं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमचे हे गेले, त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या घोडपदेवच्या चाळीत मला सगळे लाउडस्पीकर म्हणतात, सुनेला तर खात्रीच आहे की सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. भिजला, बाई. इतकी वर्षं भिजत पडलाय.

आमच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फोटो आहे. मधे मी, आणि दोन्ही बाजूंना अकरा बायका, डोक्यावर ओढण्या घेतलेल्या, गोऱ्यापान. येणारा जाणारा विचारतो, ह्या कोण? मी सांगते, अफगाणिस्तानच्या बायका, मी त्यांना शिवण शिकवलं. मग चहा होतो, कौतुक होतं. आणि दर वेळी मी घाईने विषय बदलते. कारण ते खरं नाही – म्हणजे अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

थोडं मागचं सांगते. गिरणी बंद पडली, ह्यांची नोकरी गेली, तेव्हा मी परळच्या एका शिंप्याकडे हाताखाली लागले. मास्तर माणूस चांगला, पण कापडावर खडू टेकवायची वेळ आली की म्हणायचे, "वहिनी, जरा चहा सांगून या." मी परत येईपर्यंत कापड बेतून तयार. आमच्या धंद्यात हे असंच. शिवायला कुणालाही शिकवतात, बेतायला, म्हणजे मापं टाकून कापायला, नाही. बेतणारा तो मास्तर, बाकीचे कारागीर. मग मी काय करावं? संध्याकाळी झाडलोट करताना कातरणं पिशवीत भरून घरी आणायची, जमिनीवर पसरायची आणि तुकड्याला तुकडा लावून बघायची – मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा काप, कुठे वळला, गळा किती उतरला. दोन वर्षं लागली. पण शिकले. कुणी न शिकवता शिकले, म्हणून त्याचा तोरा फार.

पुढे भोईवाड्यातल्या एका हॉलमध्ये मी शिवणाचे वर्ग घ्यायला लागले, आणि तिथेच एक दिवस एका संस्थेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, लढाईत मोडलेला अफगाणिस्तान कितीतरी देश मिळून परत उभा करताहेत – रस्ते, दवाखाने, मुलींच्या शाळा. त्या शाळांचे गणवेश तिथल्याच बायकांनी शिवावेत, घरं चालावीत, म्हणून अकरा जणी तीन महिने मुंबईत येणार. शिकवाल का? मनात म्हटलं, आमच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आम्हाला उभं करायला कोण आलं होतं? पण तोंडाने हो म्हटलं. खरं सांगू, छाती फुगली होती.

त्यांच्यात एक झरीना. तिशीची असेल. नवरा बॉम्बस्फोटात गेलेला, मागे दोन मुली. हिंदी शिकली होती टीव्हीवरच्या मालिका बघून, त्यामुळे साधं पाणी मागतानाही खाष्ट सासूसारखी बोलायची. आम्ही हसून हसून लोळायचो. मला 'खालाजान' म्हणायची, म्हणजे मावशी. आणि हात? काय हात होता तिचा! दहा दिवसांत कॉलर अशी लावली की मला मशीन थांबवून बघावं लागलं.

एका दुपारी मी नमुन्याचा कुर्ता शिवून दाखवला. झरीनाने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "खालाजान, ये गला टेढ़ा है।"

सगळ्या हसल्या. मीही हसले. गळा खरंच तिरका होता.

त्या दिवसापासून – कसं सांगू? – मी बेतायची वेळ आली की त्यांना कामाला लावायची. कुणाला काजं करायला, कुणाला इस्त्री करायला. मास्तर चहाला पाठवायचे, मी इस्त्रीला पाठवलं. आणि रोज संध्याकाळी सगळी कातरणं स्वतः गोळा करून पोत्यात भरून घरी न्यायची. झरीना म्हणायची, राहू द्या, मी झाडते. मी म्हणायची, तू पाहुणी आहेस गं. कातरणांतून काय शिकता येतं ते त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं ना! शेवटी मी त्यांना कागदाचे तीन फर्मे कापून दिले, लहान, मधला, मोठा. सांगितलं, हे कापडावर ठेवा आणि कापा, झालं बेतणं. त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

मग एक परदेशी साहेब तपासणीला आला. हातात यादी. मॅडमनी वाचून विचारलं, शिलाई? झाली. काज-बटण? झालं. कटिंग? मी म्हटलं, झालं. खाली माझी सही आहे. साहेबाने माझा हात हातात घेतला, आणि तो फोटो तेव्हाचाच.

त्यांच्या शहरात शिवणकेंद्र निघालं. तिथे बेतायला एक पुरुष मास्तर होता, त्यामुळे काही वर्षं सगळं निभावलं. मग तिथलं राज्य बदललं. मदतवाले निघून गेले, केंद्राला कुलूप लागलं, मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायका घरात. झरीनापाशी घरी मशीन होतं. शेजारणी तिच्याकडे कापड आणायला लागल्या. आता तेवढंच एक काम तिला उरलं होतं, आणि त्यावर तिला आणि तिच्या दोन मुलींना जगायचं होतं.

तेव्हा तिचा मला फोन आला. कुणाच्या तरी लग्नाचं कापड बिघडलं होतं. बाई अंगाने भारी, फर्मा पुरला नाही, काखेत सगळं ओढलं. "आपने तो सब सिखाया था, खालाजान. मैं ही कच्ची निकली."

मी काय करायला हवं होतं? सुनेला फोन धरायला सांगून एक वर्तमानपत्र पसरायचं, छातीच्या मापावरून मुंढा कसा काढायचा ते दाखवायचं. अर्ध्या तासाचं काम. पण मग तिला कळलं असतं. मी म्हटलं, "प्रॅक्टिस करो बेटी, हाथ बैठ जाएगा."

"जी, खालाजान."

त्यानंतर तिने तीनदा फोटो पाठवले. तीनही कुर्त्यांचे मुंढे चुकलेले. कुठे चुकलेत ते मला एका नजरेत दिसत होतं. मी तीनही वेळा अंगठा पाठवला, छान म्हणून. मग एकदा तिने कळवलं, आता कुणी कापड आणत नाही. त्याला मी उत्तरच दिलं नाही. पुढे तो नंबर बंद झाला.

ती कच्ची नव्हती. तिला दोन मुली आहेत, आता मोठ्या झाल्या असतील. आई, तू शिवणं का सोडलंस, असं त्या विचारत असतील, आणि ती त्यांना सांगत असेल – मला शिकवलं होतं गं सगळं, मलाच जमलं नाही.