आरशातली आई

भुताच्या सिनेमाचं पोस्टर दिसलं की मला कुंभारी गावातला एक बाप आठवतो. त्याची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिची आई वर्षापूर्वीच गेलेली. शनिवारी शाळा सुटताना त्यानं विचारलं, "मॅडम, सात रस्त्याच्या टाकीजला नवा पिच्चर लागलाय, पोरीला दाखवू का?" मी तो पाहिला नव्हता, तरी वह्या तपासतच म्हणाले, "दाखवा की, मुलांचाच आहे." सोमवारी मुलगी बापासोबत विस्कटलेल्या केसांनी आली. सिनेमात मेलेली आई आरशातून बाहेर येते, म्हणून ती आरशासमोर उभीच राहत नव्हती. "मॅडम, तुमी बघितला व्हता न्हवं?" बापानं विचारलं. मी "हो" म्हणाले. "मग माझ्याच पोरीचं काळीज लहान म्हनायचं," तो ओशाळून म्हणाला. मुलीनं मान खाली घातली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलं, आणि आज हे लिहितानाही माझा चेहरा तापतो.