साधी गाठ

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत कुणाची कंबर धरली, मान आखडली, की पाय भागीरथाबाईच्या क्वार्टरकडे वळायचे. नवरा हेमराज यार्डात पॉइंट्समन. पण कॉलनी ओळखायची ती हिलाच. नस बसवणारी! अंगठा रोवायची अन् विचारायची, "लागते का?" समोरचा कळवळला की बाई खूश. "लागते म्हंजे नस जागी आहे. बसन."

अन् तिच्याच लेकीला, नऊ वर्षांच्या हर्षाला, उजव्या कोपराखाली गाठ आली. दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या. भिलाईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, गाठ नसेवरची आहे. साधी आहे, कॅन्सर नाही. पण वाढायच्या आत काढून टाका.

आईचं काळीज हो! 'साधी' एवढाच शब्द तिनं घरी आणला, बाकीचं तिथंच राहिलं. "साध्या गाठीले चाकू कावून?" ती हेमराजला म्हणाली. त्याची स्वतःची कंबर तिनंच सरळ केलेली, त्यानं मान डोलावली. दिवाळीपासून होळीपर्यंत ती रोज कोमट तेल चोळत राहिली. पोरगी किंचाळायची, अन् हिला वाटायचं, नस जागी आहे.

मग हर्षाच्या हातून पेन्सिल गळायला लागली.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण नसेचे धागे तिच्यात पार गुंतले होते. सगळे वाचले नाहीत. "चोळल्यानं गाठ झाली नाही, तसं मनात आणू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गाठ लहान होती तेव्हाच काढली असती, तर बोटं वाचायची आशा जास्त होती." भागीरथाबाई रडलीसुद्धा नाही. रडायला तोंड कुठं होतं तिला?

तेव्हापासून दारात आलेल्यांना ती परत पाठवते. लोक म्हणतात, बाईला भाव चढला. घ्या! काय बोलायचं अशा लोकांना?

परवा दुपारी हर्षाच पुढ्यात येऊन बसली. शेवटची दोन बोटं आत वळलेली. "माय, साऱ्यायची नस बसवली तू. माही कावून नाई बसवत?"

भागीरथाबाईनं तो हात मांडीवर घेतला. करंगळीवर अंगठा ठेवून दाबला, अन् सवयीनं तोंडातून गेलंच, "लागते का?"

"नाई माय," हर्षा खुशीत म्हणाली. "दाब तू जोरानं. आता मी बिलकुल नाई रडत. काहीच नाई लागून राहिलं."