संकष्टीचा वेगळा मोदक

डास चावला की कुत्र्याच्या हृदयात जंत होतात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि महिन्याला एक गोळी लिहून दिली. आम्ही काळेवाडीत नाल्याकाठी राहणारे, डासांना काय तोटा! आई तारखा विसरते, संकष्टी मात्र कधीच नाही. म्हणून गोळी संकष्टीच्या मोदकात जाऊ लागली आणि आमचा कुत्रा गल्लीत भाविक म्हणून गाजला.

परवाच्या संकष्टीला वडील चाकणहून शिफ्ट संपवून आले आणि ओट्यावर वेगळा ठेवलेला मोदक त्यांनी तोंडात टाकला.

"आज जरा कडू झालाय," ते म्हणाले.

मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. आईने कपाळावर हात मारला.

"अहो, शेवटची गोळी होती ती! आता त्याला डास चावला म्हणजे?"